दार उघडण्याआधीचा सूर

वर्ष संपत आलं की आमच्या घरात भांडण ठरलेलं. विषयही ठरलेला: यंदा कुठल्या सिनेमाचं पार्श्वसंगीत सगळ्यात सरस? गाणी नाहीत हं. गाणी आमच्याकडे धरतच नाहीत. मोठा वाद्यवृंद हवा, व्हायोलिनपासून नगाऱ्यापर्यंत सगळा गोतावळा, आणि त्यांनी मिळून वाजवलेलं. हे खूळ घरात शिरलं आमच्या ह्यांच्यामुळे. हे डबल बास वाजवतात. म्हणजे व्हायोलिनचा तो थोरला काका, माणसाहून उंच, उभं राहून वाजवायचा. सिनेमात भीती वाटायला लागण्याच्या जरा आधी पोटात काहीतरी गुरगुरतं ना, ते आमचे हे.

माझी धाकटी नणंद दिवसभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते आणि संध्याकाळी सिनेमे बघते. या डिसेंबरात ती आली ती तावातावानंच. पर्स सोफ्यावर टाकली आणि सुरू.

"वहिनी, युद्धाचा सिनेमा बाद. नुसते कर्णे. कान किटतात. अंतराळातला बरा आहे, पण व्हायोलिनं एकच सूर धरून बसलीत, बस आली नसल्यासारखी. लहान मुलांच्या सिनेमातली बासरी गोड आहे, पण इतकी गोड की दात किडतील. पहिला नंबर एकच. तो दाराचा."

"कसल्या दाराचा?"

"तू बघितलाच नाहीस? अगं, ती बाई इतक्या वर्षांनी मुलाच्या दारात येऊन उभी राहते. कडीला हात लावते आणि थांबते. तेव्हा खालून, अगदी जमिनीतून म्हण, एक आवाज वर येतो. हळूहळू, चाचपडत. आणि बाकीच्यांना येऊन मिळतो. मिळाला की ती कडी वाजवते. सगळ्या थिएटरच्या अंगावर काटा! आणि गंमत म्हणजे तो आवाज कशाचा आहे ते कुणालाच कळत नाहीये. कुणी म्हणतं देवमासा, कुणी म्हणतं जहाजाचा नांगर, आमच्या लॅबमधला एक शहाणा म्हणतो की लिफ्ट. दादा, तू सांग ना. कशाचा असेल?"

"मला काय विचारतेस? मी सोडलंय ते सगळं," असं म्हणून हे उठले आणि गॅलरीत झाडांना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं. बिचाऱ्या कुंड्यांतून पाणी खालच्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर.

नणंदेनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यापासून हे असंच चाललं होतं.

झालं काय होतं, तर एके दिवशी हे रेकॉर्डिंगवरून दुपारीच घरी आले. एरवी संध्याकाळ होते. बास कोपऱ्यात टेकवून ठेवला आणि म्हणाले, "चुकलो. सगळ्यांसमोर चुकलो. बाहेर काढलं मला." बस्स. त्यापुढे एक अक्षर नाही. मी विचारून विचारून थकले, रागावले, अबोला धरून पाहिला. पण अबोल्यात हे माझ्या दहा पावलं पुढे. त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही आणि हे कुणाकडे गेले नाहीत. मुलांना शिकवायच्या दोन शिकवण्या होत्या, त्याही सोडल्या. रोज सकाळी माझ्या चहाबरोबर सुरू होणारा रियाज थांबला. घर इतकं शांत झालं की फ्रिज चालू झाला तरी मी दचकायची.

कुठल्या सिनेमाचं रेकॉर्डिंग होतं तेही ह्यांना ठाऊक नव्हतं. लोकांना हे खरं वाटत नाही, पण त्या धंद्यात तसंच असतं. पडदा असतो वाजवणाऱ्यांच्या पाठीमागे. तो फक्त समोर उभा राहून हात हलवणाऱ्याला दिसतो. वाजवणाऱ्यांच्या एका कानावर हेडफोन, त्यात टकटक, टकटक, ठेका चुकू नये म्हणून. समोर कागद. त्यावर सिनेमाचं नाव खोटं, बाहेर फुटू नये म्हणून. आपण लग्नाला वाजवतोय की मयताला हे बिचाऱ्यांना तिकीट काढून थिएटरात गेल्यावर कळतं. आणि आमचे हे तर थिएटराच्या वाटेलाही जाईनात.

नणंदेनं मला रविवारी ओढतच नेलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून "हे स्पष्ट की ते?" विचारायचं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी डोळे मिटून पडावं एवढीच माझी इच्छा असते. पण गेले. सिनेमा बरा होता. जरा रडका. ती बाई दारापाशी आली. नणंदेनं माझा दंड घट्ट धरला. सगळं संगीत दबक्या आवाजात थांबल्यासारखं झालं, आणि खालून तो आवाज आला.

"अगंबाई!" मी ओरडलेच. "हे तर आमचे हे!"

"श्शू! कुठायत?" नणंद मागे वळून बघायला लागली.

"मागे नाही गं, त्यात! त्या आवाजात!"

पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून डोळे वटारले. मी उलटे वटारले.

आता मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण तो आवाज मी लग्न झाल्यापासून रोज सकाळी ऐकत आले आहे, भिंतीपलीकडून, दुधावर लक्ष ठेवता ठेवता. हे उजव्या हातानं गज त्या सगळ्यात जाड तारेवरून संथ ओढत राहतात आणि डाव्या हातानं वरची खुंटी पिळत जातात. उतरलेली तार कुरकुरत, अडखळत वर वर येते आणि एका जागी येऊन गप्प बसते. मग मला कळतं की आता रियाज सुरू होणार, दूध उतरवायला हरकत नाही. सगळं शहर ज्याच्यावरून डोकं फोडत होतं तो देवमासा नव्हता की नांगर नव्हता. माझा नवरा तार लावत होता!

"पण दादा सिनेमाच्या मध्येच तार कशाला लावेल?" नणंदेनं बाहेर आल्यावर विचारलं. प्रश्न रास्त होता. मलाही तेच हवं होतं. खात्री करायला आम्ही पुढच्या खेळालाही बसलो. तोच आवाज. तीच ती कुरकुर.

घरी येऊन मी आडून आडून विचारलं, "अहो, वाजवता वाजवता तार लावता येते का हो?" हे उठले आणि भर रात्री कुंड्यांना पाणी घालायला गेले. म्हणजे बाण बरोबर लागला होता.

ज्या स्टुडिओतून हे त्या दुपारी परत आले होते, तिथल्या रेकॉर्डिस्टचा चष्मा आमच्याच दुकानातला. माणूस भला, पण चष्म्यावर बसायची खोड. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची दुरुस्त केलेली फ्रेम घेऊन स्वतःच स्टुडिओत गेले. आत गेलं की बाहेरचा आवाज कापल्यासारखा बंद होतो. जाड गालिचा, भिंतीला कापूस, शेकडो बटणं आणि मधोमध हे गृहस्थ, डबा उघडून बसलेले.

"तो दाराचा सूर मला नीट ऐकवा," मी म्हटलं.

त्यांनी घास तसाच धरून माझ्याकडे बघितलं. मग एकेक बटण खाली ओढत गेले. व्हायोलिनं गेली, कर्णे गेले, सगळे गेले. उरला फक्त बासच्या शेवटच्या रांगेपुढचा माइक. त्यात टकटक अंधुक ऐकू येत होती, कुणाचा तरी श्वास जोरात चालला होता, आणि खुंटीची कुरकुर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी ऐकत होते मी ते!

"काय झालं होतं त्या दिवशी?" मी विचारलं.

"आधीच्या तुकड्यासाठी सगळ्या बासवाल्यांना खालची तार एक सूर उतरवायला सांगितली होती. मग चहाची सुट्टी झाली. चहानंतर तार परत चढवायची. बाकीच्यांनी चढवली. तुमचे यजमान विसरले. टेक सुरू झाला, ती तार मोकळी, बोट न दाबता, वाजवायची वेळ आली, आणि बाकीचे एका जागी, हे खाली. त्यांना ते लगेच कळलं. पुढे त्यांनी काय केलं ते मला आजही ठाऊक नाही. शेवटच्या रांगेत एकटेच होते, खांबाआड. पण सूर वर आला. टेक संपल्यावर संगीतकारानं विचारलं, हे कोण? यांनी हात वर केला. संगीतकार म्हणाला, बाहेर व्हा. मग त्यांच्याशिवाय दुसरा टेक घेतला, अगदी स्वच्छ."

"मग सिनेमात हा कसा?"

"संध्याकाळी दिग्दर्शकीणबाई आल्या. दोन्ही ऐकले. म्हणाल्या, पहिला ठेवा. दुसऱ्यात बाई नुसती दारात उभी आहे. पहिल्यात ती धडपडत इथवर आलीय."

तिकडे हे कुंड्या बुडवत बसलेत आणि इकडे या स्टुडिओवाल्यांना सगळं माहीत! "आणि एकाला वाटलं नाही फोन करावासा?" मी विचारलं. आवाज चढला असणार, कारण त्यांनी डबा झाकला.

"मी म्हटलं होतं संगीतकाराला. तो म्हणतो, कुठल्या तोंडानं करू? आणि आता तर त्याचीच गोची झालीय. टाउन हॉलमध्ये यंदाच्या लोकांच्या आवडत्या सिनेसंगीताचा कार्यक्रम आहे, जिवंत वाद्यवृंदासह. लोकांच्या मतात हा तुकडा पहिला आला. आणि तालमीत तो आवाज कुणाकडून निघत नाही. बोटं घसरवून पाहिली, दोघांनी मिळून वाजवून पाहिलं. चिखलात पाय रुतल्यासारखं वाजतं. लोकांनी विचारलं तर तो हसून म्हणतो, धंद्यातलं गुपित आहे. त्यालाच ठाऊक नाही गुपित!"

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"काय सांगता! कसं केलं?"

"नाही सांगणार. त्याला म्हणावं, घरी या आणि ज्याला बाहेर काढलंत त्यालाच विचारा." चष्मा टेबलावर ठेवला आणि निघाले.

दोन दिवसांनी संगीतकार आला. मी मनात कुणीतरी दाढीवाला राक्षस धरून बसले होते. निघाला माझ्या भाच्याच्या वयाचा पोरगा, डोळ्यांखाली काळं. बूट दारात काढले, तर मोज्याला भोक. माझा अर्धा राग तिथंच गळाला, पण मी तो तोंडावर येऊ दिला नाही.

त्यानं ह्यांना सगळं सांगितलं. सिनेमाचं नाव, दाराचं, दिग्दर्शकीणबाईंचं, लोकांच्या मतांचं. हे ऐकत राहिले. शेवटी तो म्हणाला, "काका, माझं चुकलं. माझा पहिला मोठा सिनेमा होता, हातपाय गळाले होते. तुम्ही तेवढा सूर कार्यक्रमात वाजवाल का? गाडी पाठवतो. झाला की लगेच घरी सोडतो."

"तेवढाच?"

"म्हणजे… बाकीच्या जागा भरल्यात हो."

"मग नाही," हे म्हणाले. "चहा घेऊन जा."

तो चहा न घेताच गेला. त्याचं पाऊल जिन्यावर वाजायच्या आत मी सुरू झाले. "अहो, घरी चालत आला तो! माफी मागितली! अजून काय, हत्ती पाठवायला हवा होता? पहिला नंबर आलाय तुमचा!"

"माझा नाही, माझ्या चुकीचा." ह्यांचा आवाज कधी चढत नाही. त्या दिवशी चढला. "एवढी वर्षं मी बरोबर वाजवलं. कुणी विचारलं, हा कोण वाजवतोय? आणि एकदा चुकलो तर सगळं शहर वेडं झालं. बरोबरचं कुणी ऐकलंच नाही."

"कुणीच नाही? मग मी काय भिंत आहे? रोज सकाळी त्या स्वयंपाकघरात कोण उभं असतं? तुमचा हात दुखत असला तर मला आवाजावरून कळतं. तुम्ही रागावला असलात तर कळतं. गेले कित्येक महिने काही ऐकू येत नाही म्हणून दोनदा दूध उतू गेलंय माझं, आणि म्हणे कुणी ऐकलंच नाही!"

मी रडत होते हे मला बोलून झाल्यावर कळलं. हे येऊन शेजारी बसले.

"खरं सांगू?" हे म्हणाले. "बाहेर काढलं त्याचं एवढं नाही वाटलं. काढायलाच हवं होतं. पण मी ती तार वर आणत होतो ना, तेव्हा एका कानात टकटक, दुसऱ्या कानात सगळे. आणि छातीत असं धडधडत होतं की शेवटी मी सुराला पोचलो की जरा खालीच राहिलो, ते मला कळलं नाही. मी अजून खुंटीला हात लावून होतो आणि टेक संपला. आजतागायत कळलेलं नाही. रात्री पडलो की तेच. पोचलो का? की नाही?"

एवढंच! मला हसावं की रडावं कळेना. मला वाटत होतं अपमान सलतोय, आणि हा माणूस तेवढ्या एका सुरापाशी अडकून बसला होता. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी सांगून काय उपयोग? बायको आहे, बरंच बोलणार, असंच ह्यांना वाटलं असतं.

"उठा," मी म्हटलं. "चपला घाला."

दुपारच्या खेळाला गर्दी नव्हती. हे खुर्चीत अंग चोरून बसले होते. बाई दाराशी आली. तो आवाज सुरू झाला तसा ह्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपोआप पिळला जायला लागला. पडद्याकडे बघतच नव्हते. डोळे मिटलेले, मान जराशी कलती. आवाज वर आला, अडखळला, पुन्हा वर आला आणि बाकीच्यांत मिसळून गेला. ह्यांचा हात थांबला. तरी हे ऐकतच राहिले, अगदी पुढचा प्रसंग सुरू होईपर्यंत.

"पोचलो," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून जरा मोठ्यानं, "पोचलो की गं मी! थोडासुद्धा खाली नाही!"

मागून कुणीतरी "श्शू" केलं. मी मागे वळून म्हटलं, "तुम्हीच श्शू! ते हेच वाजवतायत!" तो माणूस बिचारा गोंधळून इकडेतिकडे बघायला लागला.

बाहेर आल्यावर फुटपाथवरच ह्यांनी संगीतकाराला फोन लावला. भर रस्त्यात, रहदारी चालू असताना, म्हणून ओरडून बोलत होते. "येतो मी. पण गाडी नको आणि एका सुरापुरता नाही. माझ्या जागेवर उभा राहीन, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळे तुकडे वाजवीन. जमत असेल तर सांगा." पलीकडून काहीतरी भराभर उत्तर आलं. ह्यांचा चेहरा बघून मला कळलं की जमतंय. माझा जीव भांड्यात पडला.

मग पलीकडून आणखी काहीतरी विचारलं गेलं.

"तसाच्या तसा? नाही बुवा. त्या दिवशी मी घाबरलेलो होतो. आता नाही." बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "कसा येईल ते मलाही माहीत नाही. वाजवल्यावर कळेल."

फोन खिशात घातला आणि मला म्हणाले, "चल लवकर, पाय उचल. तारा पार उतरल्या असतील."